पायाची नाडी

आगरदांडा
८ नोव्हेंबर २०२४

बुधा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम विनेशकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट उघडलं नसतंस. फोन तर तू घेतच नाहीस. भाच्याचं पत्र म्हणून उघडलंस ना? आता उघडलंच आहेस तर वाच.

यंदाही भाऊबीजेला पाट मांडला नाही. आठ वर्षं झाली. क्रांती विचारत होती, "आई, मामांना एकदा बोलवून बघूया का?" सून म्हणून घरात आली तेव्हापासून तिने तुला पाहिलेलंच नाही. मी म्हटलं, त्याला जमायचं नाही. एका पायाने एवढा प्रवास जमत नसेल, असं तिला वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

काही मागायला लिहीत नाही. एक विचारायचं आहे. तुझा पाय दुखायला लागला, तेव्हा अगदी पहिल्यांदा कसं दुखायचं?

दिघीला बोटीतून उतरून मी सुक्या मासळीची पाटी घेऊन वरच्या वाड्यांत जाते, ते तुला ठाऊक आहे. तो चढ मला नवा नाही. पण गणपती गेल्यापासून डाव्या पोटरीत गोळा यायला लागलाय. चालले की येतो. थांबले की दोन-तीन मिनिटांत जातो, जसा काही नव्हताच. पुन्हा तेवढंच चालले की पुन्हा हजर. आधी शाळेपाशी यायचा. आता पाण्याच्या टाकीपाशीच येतो. मग मी पाटी उतरवते आणि बोंबील सारखे केल्यासारखं करते. बायका म्हणतात, नीराबाईला हल्ली गप्पा फार लागतात. म्हणू देत.

तूही असाच थांबायचास ना, जेट्टीवर बर्फाची पाटी खाली ठेवून? आणि आम्ही हसायचो.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. विनेश बोटीवर असतो, त्याच्या डोक्याला आणखी ताप कशाला? एकसष्ट वय म्हणजे काही कमी नाही, पाय दुखायचेच. तरी तू एक ओळ लिही. "तसंच दुखायचं" किंवा "तसं नव्हतं". एवढंच.

केसरची तब्येत बरी असेल. तिच्यासारखी बायको मिळाली म्हणून तू उभा राहिलास, हे मी सगळ्यांना सांगते.

तुझी बाय


आगरदांडा
१३ डिसेंबर २०२४

बुधा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमनला दोनदा विचारलं.

काल माणगावला आले होते. तुझ्या मेहुण्याच्या दुकानासमोरून गेले. तू आत जाळं विणत बसला होतास, पाठमोरा. कुबड्या दाराला टेकवलेल्या. मी पलीकडच्या बाजूला बराच वेळ उभी होते. पाय दुखतो म्हणून थांबले, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे तेव्हा पाय दुखत नव्हता. केस किती पांढरे झालेत रे तुझे.

मी आले होते डॉक्टरकडे. डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल घासली होती. एवढासा फोड. तीन आठवडे झाले तरी भरेना. हळद लावली, खोबरेल लावलं. परवा आंघोळीनंतर बघितलं तर कडेने काळं दिसलं. मी दार लावून घेतलं आणि तिथेच ओल्या लादीवर बसले. ते काळं मी ओळखते, बुधा.

दिघीचे नजमुद्दीन शेठ आठवतात? आपली मासळी घ्यायचे ते. त्यांची नात माहीन डॉक्टर झाली आहे, तिने माणगावला दवाखाना घातलाय. पोरीसारखी पोर, पण हात शांत. तिने माझं पाऊल मांडीवरच घेतलं. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून दाबून बघितलं. मग घोट्याच्या आतल्या बाजूला ठेवली. पुन्हा दाबून बघितलं.

"मावशी, इथे नाडी लागत नाही."

"नाडी हाताला बघतात ना?"

"पायालाही असते. उजव्या पायाला थोडी लागतेय. डाव्याला नाही."

मग तिने दंडाला पट्टा बांधला, नंतर तोच घोट्याच्या वर बांधला. कातडीवर गार जेली लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं. त्यातून आवाज येतो. उजव्या पायातला आवाज लाट फुटावी तसा होता, खस्स, खस्स. डाव्या पायात नुसती सुरसुर. लांब कुठे वारं असावं तशी. तिने कागदावर आकडे लिहिले. हातातला दाब एकशे बावन्न, डाव्या पायातला चौसष्ट. म्हणाली, हे दोन आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. पायाकडे रक्त नेणारी नळी आतून बुजत आलीय. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही म्हणून गोळा येतो. आणि रक्तच पोचत नसेल तर जखम भरणार कशाने?

"विडी ओढता?"

"न्हाय गो."

"मिश्री लावता?"

मी पदर सारखा केला. तिने डोळे वर केले.

"दिवसातून किती वेळा?"

"चार. पाच. ती काय तंबाखू म्हणायची?"

"तंबाखूच ती, मावशी. भाजली म्हणून काय झालं? आजपासून बंद. तुमची साखरही तीनशेच्या वर आहे."

मग तिने विचारलं, घरात कुणाला असा पायाचा आजार झालाय का?

मी नाही म्हटलं.

बुधा, तू तिथून दोनशे पावलांवर बसला होतास, आणि मी नाही म्हटलं. तिने कागदावर तसं लिहून घेतलं. का नाही म्हटलं ते मला विचारू नकोस. पुढचा प्रश्न, त्याचं काय झालं, हा असता ना.

तिने गोळ्या दिल्या, रक्त पातळ राहायची आणि चरबीची. म्हणाली, पनवेलला जाऊन नळीचा फोटो काढायलाच हवा, आठवड्याच्या आत. औषध टोचून काढतात म्हणे. मी हो म्हणून आले. घरी सांगितलं, डॉक्टरने गोळ्या दिल्यात, बरं वाटेल.

जायचं नाही मला. फोटो काढला की पुढचं सगळं येतं. मी पाहिलंय ते.

बाय


आगरदांडा
१९ जानेवारी २०२५

बुधा,

आज लपवून काही लिहिणार नाही. अक्षर लागलं नाही तर केसरकडून वाचून घे. नाही, केसरकडून नको. तूच वाच.

पनवेलला गेले नाही. महिना घालवला. आता दुखायला चालावंही लागत नाही, आडवी झाले तरी पाऊल ठणकतं. खाटेवरून पाय खाली लोंबता सोडला की जरा उतार पडतो. तूही असाच बसायचास, खाटेच्या कडेला. करंगळी अर्धी काळी झालीय. चार दिवसांपूर्वी क्रांतीने बघितलं. तिने आरडाओरडा केला नाही. नुसती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, हे कधीपासून?"

काल दुपारी तिला माझं पाऊल गार लागलं. बिचारीने गरम पाण्याची पिशवी भरून आणली, टॉवेलात गुंडाळून. माझ्या पायाला लावणार, तोच मी ती तिच्या हातातून ओढली आणि भिंतीवर फेकली. पिशवी फुटली. सगळीकडे पाणी. मी ओरडत होते, शेकू नको, शेकू नको. शेजारची माणसं दारात आली. क्रांती रडायला लागली. "मी काय केलं, आई? पाय गार होता म्हणून आणली."

काय सांगू तिला? तिला सांगायच्या आधी तुला सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

तुझा माझ्यावर राग आहे तो सहीचा. तू तापात होतास, शुद्ध नव्हती, केसर कागदाला हात लावेना, म्हणून मी सही केली आणि गुडघ्याखालचा पाय गेला. शुद्धीवर आल्यावर तू म्हणालास, "मला विचारलं का न्हाय?" आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस. ती सही मी पुन्हाही करेन. डॉक्टर म्हणाले होते, पाय ठेवला तर माणूस जाईल. सहीचं मला दुःख आहे, पश्चात्ताप नाही. पण तू त्यासाठी रागावलास, तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. कारण खरं ते तुला कळलं नव्हतं.

त्या मे महिन्यात तू बोटीवरून आलास तेव्हा पाऊल बर्फासारखं गार होतं. तेव्हा तुझे भावोजी होते, ते म्हणाले, नाटकं करतो, काम नको त्याला. मीही म्हणाले. मग मला कीव आली. तव्यावर खडेमीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि तुझं पाऊल शेकायला बसले. तू म्हणालास, "बाय, काय लागतच न्हाय, अजून गरम कर." मी केलं. तुला लागत नाही म्हणजे मीठ नीट तापलं नाही, एवढीच माझी अक्कल. रक्त न मिळालेल्या पायाला चटकाही कळत नाही, हे मला कुणी सांगितलं होतं? तुझा डोळा लागला. मी ती पुरचुंडी टाचेला तशीच बांधली आणि वाळवणातली मासळी उलटायला गेले.

परत येऊन सोडलं तर कातडी फडक्याबरोबर निघाली.

तुला जाग नव्हती. मी जखमेला खोबरेल लावलं, पट्टी बांधली. तू उठल्यावर सांगितलं, खाडीत कालवाच्या शिंपीने कापलंय तुला, कळलं नाही का? तू काही बोलला नाहीस. भावोजींना तेच सांगितलं. केसरला तेच. पंधरा दिवसांनी जखम सडली तेव्हा डॉक्टरांनाही तेच सांगितलं, कालव लागलं. कितीजणांनी विचारलं, आणि दर वेळेला मी कालवच म्हटलं. शेवटी शेवटी मलाच ते कालव दिसायला लागलं होतं.

पाय मी भाजला, बुधा. सही नंतरची.

आता माझा पाय तसाच झालाय. मला मरणाची भीती नाही वाटत, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते. मला सगळ्याचीच भीती वाटते. सकाळी पांघरूण काढायची भीती वाटते. काळं किती वर आलं ते बघायची भीती वाटते. आणि ही शिक्षा आहे असं वाटलं की सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण शिक्षा असेल तर ती अर्धी राहायची नाही.

विनेश परवा बोट सोडून येतोय. क्रांतीने कळवलं. मला पनवेलला नेणार म्हणतात.

हे पत्र फाडलंस तरी चालेल. पण शेवटपर्यंत वाचून फाड.

बाय


पनवेल
६ फेब्रुवारी २०२५

बुधा,

दवाखान्यातून लिहिते आहे. नर्सबाईने कागद दिला. उद्या सकाळी मला आत घेणार आहेत.

आधी तुझ्या कामाचं लिहिते, मग माझं. इथे येण्याआधी विनेश मला डॉ. माहीनकडे घेऊन गेला होता. मी तिला म्हटलं, तेव्हा मी खोटं बोलले. माझ्या भावाचा पाय गेलाय. आणि शेकल्याचंही सांगितलं, विनेश-क्रांतीसमोर. विनेश खिडकीतून बाहेर बघत राहिला. क्रांतीने माझा हात धरला.

मी डॉक्टरला विचारलं, मी शेकलं नसतं तर त्याचा पाय राहिला असता का?

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, खोटा धीर देणार नाही. त्यांची नळी तेव्हाच बुजलेली असणार. जखम कशानेही झाली असती तरी भरली नसती. पण शेकल्यामुळे ती मोठी झाली आणि लवकर झाली. वेळेत दाखवलं असतं तर वाचवता आला असता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

ते मी तसंच घेतलं. तूही तसंच घे.

पण पुढचं तिने जे विचारलं ते ऐक. "त्यांचा दुसरा पाय कधी तपासलाय?"

मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, ज्याचा एक पाय असा गेला, त्याच्या दुसऱ्या पायातल्या नळ्याही बऱ्याचदा अरुंद झालेल्या असतात. विडी चालू असेल तर जास्तच. तपासायला दहा मिनिटं लागतात. दोन पट्टे आणि ते यंत्र. सुई नाही, काही नाही. बुधा, मी तुझ्या दुकानासमोर उभी होते तेव्हा तुझ्या बाजूला विडीचं बंडल पडलेलं होतं. माझ्यावर राग ठेव, पाहिजे तितकी वर्षं ठेव. पण जाऊन पाय दाखव. आता मी त्यासाठी लिहिते आहे, बाकी कशासाठी नाही.

माझं असं आहे. फोटो काढला. दंडात औषध गेलं की सगळ्या अंगात ऊन ऊन वाटलं, मी घाबरून ओरडले तर आतला माणूस म्हणाला, आजी, होतं तसं, हलू नका. मग मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. उजव्या मांडीत पांढरी नळी सरळ खाली गेलेली. डाव्या मांडीत अर्ध्यावर येऊन ती संपते. पुढे चार बोटं काळोख, मग बारीक बारीक फाटे. म्हणाले, जांघेतून तार घालून ती वाट उघडायचा प्रयत्न करू. फुग्याने नळी रुंद करायची, लागलं तर आत जाळी बसवायची. तार पुढे गेलीच नाही, तर मग शीर जोडायचं मोठं ऑपरेशन. करंगळी मात्र जाणार. बाकीचा पाय वाचेल का, विचारलं. ते म्हणाले, "एक महिना आधी आला असतात तर जास्त खात्रीने बोललो असतो."

संध्याकाळी कागद आला. त्यात एक ओळ आहे, गरज पडल्यास पायाचा भाग काढावा लागेल, ते मान्य आहे. माझी सही मी केली. नातेवाइकाची विनेशने करायची. त्याने पेन घेतलं आणि तसाच बसला. एवढा दर्यावर जाणारा माणूस, कपाळावर घाम. म्हणाला, "आई, ही ओळ खोडा म्हणून सांगू का?"

मी म्हटलं, "सही कर. काही झालं तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. तुझ्यासमोर, शुद्धीत असताना सांगते."

त्याने सही केली.

बुधा, मला फार भीती वाटते आहे. समोरच्या खाटेवर एक बाई आहे, तिची चादर एका बाजूला सपाट आहे. मी तिच्याकडे पाठ करून झोपते.

बाय


आगरदांडा
४ मार्च २०२५

बुधा,

काल तुझा फोन आला तेव्हा मला बोलताच आलं नाही. तू दोन वाक्यं बोललास आणि ठेवलास. मी परत लावला तर लागला नाही. म्हणून लिहिते. विनेश उद्या माणगावला येतोय, त्याच्याकडे देते.

पहिलं म्हणजे त्या दिवशी तू पनवेलला येशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं; विनेशने तुला दिवस कळवला होता, हे मला मागाहून कळलं. मी नुकती बाहेर आले होते. आतमध्ये मी जागीच होते, फक्त जांघ बधिर केली होती. डॉक्टर एकमेकांशी बोलत होते, तार जात नाही, पुन्हा घे, पुन्हा घे. मी वरच्या दिव्याकडे बघत किती वेळ होते देव जाणे. मग एकजण म्हणाला, "गेली." बस, एवढंच. फुगा फुगवला तेव्हा मांडी दुखली, आणि मला ते दुखणं बरं वाटलं. बाहेर आणल्यावर पाऊल गरम झालं. तेच यंत्र लावलं, आणि ती लाट ऐकू आली. करंगळी दोन दिवसांनी काढली. बाकीचं पाऊल राहिलं. राहील, असं म्हणतात, जपलं तर.

तर मी तशी पडले होते आणि दारात कुबड्यांचा आवाज आला. मला वाटलं दुसऱ्या कुणाचा तरी माणूस. तू आलास, स्टुलावर बसलास, माझ्या पायाकडे बघितलंस. तोंडाकडे नाही. मग जे बोललास ते मी इतक्यांदा आठवलंय की आता शब्द बदलले असतील तर सांग. तू म्हणालास, "कालव न्हवतं, ते मला तवाच ठाऊक व्हतं. मी आंधळा न्हवतो. फडकं बघितलं मी."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. अजून गरम कर, असं मीच म्हटलं व्हतं ना? तू सांगितलं असतंस तर मी म्हणालो असतो, जाऊ दे बाय. पण तू सगळ्यांना कालव सांगत सुटलीस. माझ्या समोर. माझ्याच पायाचं."

मला वाटत होतं तुझा राग सहीचा आहे. आठ वर्षं मी चुकीच्या गोष्टीची भीती बाळगली.

मी माफी मागितली. तू मान हलवलीस, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मग नर्स आली आणि तू उठलास. जाताना चहासुद्धा घेतला नाहीस. मी ते मान्य केलं. आलास तेच खूप.

आणि काल तुझा फोन. "बाय, मी दाखवला पाय. आकडा कमी आला. मला भ्या वाटतंय गो." आणि ठेवलास.

संध्याकाळी मी डॉ. माहीनला फोन केला. तिने आधी नाही सांगितलं, म्हणाली पेशंटचं मी कुणाला सांगत नाही. मग म्हणाली, तुम्हीच त्यांना विचारा, आणि गुरुवारी त्यांच्याबरोबर कुणीतरी यायला हवं, एवढं मी सांगू शकते. म्हणजे तू एकटा गेला होतास. केसरलाही सांगितलं नाहीस. मला ओळखू येतं ते.

तुझा आकडा मला ठाऊक नाही. पण जखम नाही ना? काळं काही नाही ना? पाऊल आरशात धरून खालूनही बघ, मी रोज बघते. अनवाणी एक पाऊल टाकू नकोस. गार लागला तरी काही गरम लावायचं नाही, मोजा घाल. विडी आज बंद कर. मी मिश्री सोडून दीड महिना झाला. पहिले आठ दिवस डोकं फिरतं, घरातल्यांवर ओरडायला होतं. ओरड. केसर सहन करील, पण तिला आधी खरं सांग.

मी तुला धीर द्यायला लिहीत नाही. मला स्वतःलाच अजून भीती वाटते. रोज ठरवून चालते, जेट्टीपर्यंत आणि परत. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळा आला की थांबायचं, उतरला की पुन्हा चालायचं. प्रत्येक वेळी थांबले की वाटतं, नळी पुन्हा बुजली. बुजू शकते, असं ते स्पष्ट म्हणालेत. त्यामुळे भिऊ नकोस, असं मी तुला कुठल्या तोंडाने सांगू?

गुरुवारी क्रांतीला घेऊन मी पहिल्या बोटीने निघते. दिघीहून पुढे बसने, अकरापर्यंत पोचेन. डॉक्टरकडे तू एकटा आत जाऊ नकोस. मी येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बस.

बाय